न आलेल्यांची नावे

उत्तर स्वीडनमधल्या ओर्सेले गावाच्या विमानतळावर गुनवोर नेस्लुंड कामाला लागली तेव्हा प्रतीक्षागृहाची भिंत कोरी होती. शाळेतून टाकून दिलेला स्वीडनचा नकाशा तिने तिथे आणून लावला, टाचण्या टोचल्या आणि त्यांच्यामध्ये लोकरीचे धागे ताणले. लाल धागा स्टॉकहोमला जाई, निळा उमेओला, हिरवा लुलेओला. पिवळा धागा केवळ उन्हाळ्यात लागे. तो डोंगर ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरे. त्या काळी गावात लाकडाची गिरणी होती, सैन्याची एक तुकडी होती, दोन दंतवैद्य होते, आणि सकाळच्या विमानात टाय लावलेली माणसे वर्तमानपत्र उघडून बसत.

गिरणी बंद पडली त्या वर्षी निळा धागा गेला. तुकडी दक्षिणेला हलवली आणि हिरवा गेला. पिवळ्याचे काय झाले ते कुणाला नीटसे आठवतही नाही. एका वसंतात तो पुन्हा लावण्याची वेळ आली नाही, इतकेच. प्रत्येक वेळी धागा सोडवण्याचे काम गुनवोर स्वतः करी. टाचण्यांची भोके मात्र नकाशावर राहत.

धाग्यांबरोबर माणसेही कमी होत गेली. अखेरच्या काळात सामान वजन करून पट्ट्यावर ठेवणे, प्रवाशांची ओळखपत्रे पाहणे, सूचना देणे आणि कॉफीचे यंत्र पुसणे ही सगळी कामे तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती. बाहेर धावपट्टीवर तिचा थोरला भाऊ एव्हर्ट बर्फ सारणारी गाडी चालवी. तो अविवाहित होता, अबोल होता, आणि आपल्यामुळे कुणाला त्रास व्हावा ही गोष्ट त्याला चोरीइतकी लाजिरवाणी वाटे. या मुलखात तसे वाटणारा तो एकटा नव्हता.

लाल धागा उरला होता तो सरकारच्या पैशावर. त्या पैशाला एक अट होती. विकल्या गेलेल्या जागांची संख्या ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर पुढचा करार होणार नव्हता. ज्या हिवाळ्यात आकडा धोक्याच्या रेषेवर आला, त्या हिवाळ्यात हॉटेलमालक बिर्येर सँडग्रेन याने गावकऱ्यांची सभा बोलावली.

"प्रत्येक घरानं महिन्याला एक जागा विकत घ्यायची," बिर्येर म्हणाला. "वर्गणी समजा. कुठल्या दिवसाचं तिकीट काढायचं ते गुनवोर बघेल. तुम्ही त्याची काळजी करू नका."

"आणि मी जायचं कुठं?" मागच्या बाकावरून एव्हर्टने विचारले.

"कुठंच नाही! घरी बस, कॉफी पी. विमान तुझ्या नावावर उडेल."

"म्हणजे जन्मभर त्याच्यासाठी बर्फ उपसला तो उपसला. आता त्यात न बसण्याचेही पैसे भरू?"

सभा खदखदून हसली. एव्हर्टने एवढे मोठे वाक्य बोललेले अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले होते. वर्गणी मात्र सर्वांत आधी त्यानेच भरली.

त्यात कुणाला खोटेपणा दिसला नाही, गुनवोरलाही नाही. ज्याने आकडा मागितला त्याला आकडा दिला जात होता. तिकिटे खरी होती, पैसे खरे होते. माणसे तेवढी नव्हती. दार बंद करण्यापूर्वी न आलेल्या प्रवाशांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारावीत, असा नियम होता. वर्गणीदारांची नावे गुनवोरने कधी पुकारली नाहीत. ज्यांना यायचेच नाही त्यांना हाका कशाला मारायच्या? त्या नावांवर ती मुकाट्याने खूण करी आणि दार ओढून घेई.

एव्हर्टच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. स्टॉकहोमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी त्याचा नंबर शरदापासून लागलेला होता. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रुग्णालयाचा फोन आला. कुणाची तरी शस्त्रक्रिया रद्द झाली होती. शनिवारी सकाळी दाखल होता येईल का? एव्हर्टने रुग्णांचा प्रवास ठरवणाऱ्या कचेरीला फोन लावला. ती कचेरी दूर दक्षिणेत होती. तिथल्या बाईने पडद्यावर पाहून सांगितले की ओर्सेलेचे शुक्रवारचे विमान भरले आहे. पुढच्या आठवड्यात जागा मिळेल. एव्हर्टने तिचे आभार मानले. शनिवारची संधी पुढच्या आठवड्यात राहणार नव्हती. शुक्रवारी सकाळी त्याने गाडी काढली आणि चार तासांवरच्या किनाऱ्याकडे, जिथून दिवसभर विमाने सुटतात तिकडे, तो एकटा निघाला.

बहिणीला त्याने फोन केला नाही. ती तिकिटांच्या खिडकीत बसते म्हणून तिच्याकडे जागा मागणे त्याच्या हिशेबी गैर होते.

त्या दुपारी विमानात नऊ माणसे चढली. उरलेल्या नावांवर गुनवोरने नेहमीसारखी खूण केली. महिनाअखेर जवळ आल्यामुळे सगळे वर्गणीदार तिने त्या एका शुक्रवारी बसवले होते. करारासाठी लागणारा वर्षाचा आकडा त्या दिवशी पूर्ण झाला. विमान वर गेले तेव्हा ती काचेपाशी उभी होती, आणि समाधानी होती. मग फोन वाजला.

एव्हर्टची गाडी महामार्गावर सापडली होती. तिला अपघात झालेला नव्हता. बर्फगाड्या वळवण्यासाठी रस्त्याच्या कडेला जागा सोडलेली असते, तिथे ती उभी होती. इंजिन चालू होते, बाजूचा दिवा लुकलुकत होता. छातीत कळ आल्यावर त्याने गाडी रस्त्यातून बाजूला घेतली होती, आणि त्या जागेतही अगदी कडेला, मागून बर्फगाडी आलीच तर तिला वळता यावे अशा बेताने लावली होती.

पोलीस बोलत होता आणि गुनवोरचे बोट समोरच्या यादीवर टेकलेले होते. सातव्या रांगेतली खिडकीजवळची जागा: नेस्लुंड, एव्हर्ट. ते तिकीट तिनेच काढले होते. कोणत्या दिवसाचे, हे वर्गणीदारांना सांगायची पद्धत नव्हती.

दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. बिर्येर तिच्याजवळ येऊन बसला. सांत्वनाचे शब्द त्याला सुचत नव्हते, म्हणून त्याने जवळ होते ते दिले.

"त्या दिवशी सकाळी पेट्रोलपंपावर भेटला होता मला. खुशीत होता गं. म्हणाला, विमान भरलंय. शाळांना सुट्टी लागली ना, म्हणून असेल. गुनवोरला बरं वाटेल म्हणाला."

गुनवोरने कप खाली ठेवला. "आणि तू काय म्हणालास?"

"मी? मी म्हटलं, हो ना, छान झालं. रस्ताही मोकळा आहे."

ते वाक्य उच्चारल्यावर त्याचे त्यालाच ऐकू आले असावे. तो उठला आणि कॉफी आणायला गेला. परत मात्र आला नाही.

मे महिन्यात निर्णय आला. मार्ग चार वर्षांसाठी वाचला होता. प्रतीक्षागृहात हिरव्या साखरेचा थर दिलेला केक आला, आणि सुरी गुनवोरच्या हाती देण्यात आली. तिने केक कापला, कारण न कापणे हा तमाशा झाला असता. शरदातल्या सभेत मात्र ती उभी राहिली आणि म्हणाली, "वर्गणी बंद करू या." कुणी विरोध केला नाही. कुणी होकारही दिला नाही. खुर्च्या थोड्या करकरल्या, बिर्येरने पुढचा विषय घेतला, आणि आठवड्याने वर्गण्या नेहमीसारख्या जमा झाल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सहा प्रवासी दाराशी उभे होते. गुनवोरने ध्वनिक्षेपकाची कळ दाबली.

"स्टॉकहोमचे प्रवासी इंगेगेर्ड लिंडाल. ही शेवटची सूचना आहे. स्टॉकहोमचे प्रवासी तूरे विक्समन. ही शेवटची सूचना आहे."

सुरुवातीला लोक हसले. "तूरे? तो तर आत्ता तळ्यावर मासे धरत बसलाय!" कुणीतरी म्हणाले. गुनवोर थांबली नाही. प्रत्येक नावानंतर माणसाला धावत येता येईल एवढा अवकाश ती ठेवी, आणि मग पुढचे नाव घेई. पाचव्या नावाशी हसू थांबले होते. स्वतःचे नाव ऐकून बिर्येर कॉफीच्या यंत्राजवळून ताडताड चालत आला. तो पाहुण्यांना सोडायला आला होता.

"काय लावलंय हे?"

"नियम आहे."

"मी इथं उभा आहे, गुनवोर! मी कुठंही जाणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

"मग जागा सोड."

"मी जागा अडवलेली नाही, मार्ग वाचवलाय. ही सहा माणसं आज जाताहेत ती त्या वर्गणीवर. ती बंद झाली तर एकही जाणार नाही. हे कळतं का तुला?"

"कळतं."

तिला ते खरोखरच कळत होते. बिर्येर खोटे बोलत नव्हता. प्रत्येक शुक्रवारी ती नावे पुकारीत राहिली ती हे पुरते जाणून. आपले नाव रिकाम्या दालनात घुमते, शेजाऱ्याच्या कानी पडते, हे लोकांना सोसवेना. आधी शाळेच्या मुख्याध्यापिकेने वर्गणी थांबवली, मग पाद्र्याने, मग एकेका घराने, कारण न सांगता. आकडा खरा होत गेला आणि खरा आकडा लहान होता. करार संपल्यावर नवा झाला नाही.

लाल धागा तिने सोडवला त्या दिवशी दालनात कुणी नव्हते. नकाशा तिने भिंतीवरच ठेवला.

गावाने तिला बोल लावला. किराणा दुकानात एका बाईने तोंडावर सांगितले, "तुझ्या भावाचा सूड तू आमच्यावर उगवलास. माझी लेक आता नाताळला येत नाही." गुनवोर म्हणाली, "असेल तसं." तिने समर्थन केले नाही, कारण ते पुरे पडले नसते. पुकारलेल्या नावांनी एव्हर्टला जागा मिळाली नव्हती, आणि त्या सहा-नऊ जणांची होती ती गेली होती. जिथे माणसे मोजायला हवी होती तिथे सरकारने आकडा मागितला, गावाने तो दिला, आणि तिने तो परत घेतला. या तिघांपैकी कुणाचे पाऊल योग्य होते, हा प्रश्न ती स्वतःला विचारीत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी बिर्येर तिच्या दारात उभा होता. तो वाळला होता आणि टोपीखाली केस उरले नव्हते. इतक्या वर्षांत तो तिच्या पायरीवर कधी चढला नव्हता.

"तू मंगळवारी किनाऱ्याकडे जाणार आहेस का?" त्याने विचारले. "तिथल्या रुग्णालयात बोलावलंय, आणि गाडी चालवायची मनाई केलीय मला. जाणार असलीस तरच हं. मुद्दाम नको."

तिला किनाऱ्यावर कसलेही काम नव्हते. "जाणार आहे," ती म्हणाली.

मंगळवारी ती दोघे निघाली. तासाभराने बिर्येर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आज विमान असतं तर..."

"असतं तर भरलेलं असतं," गुनवोर म्हणाली.

तो हसला, हसता हसता खोकला. "जीभ काही बोथट झाली नाही तुझी."

एका वळणापुढे तिने वेग कमी केला. त्याने ओळखले. "हीच का ती जागा?" तिने मान हलवली. "थांबव ना जरा."

तिने गाडी आत घेतली. दोघे काचेतून समोर पाहत राहिली. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मागे काळी झाडे. बिर्येरने टोपी काढली.

आरशात पिवळा दिवा फिरताना दिसला. मागून बर्फगाडी आली आणि जागेच्या तोंडाशी थांबली. चालकाने भोंगा वाजवला नाही. तो वाट पाहत राहिला. गुनवोरने बाजूचा दिवा लावला आणि गाडी बाहेर काढली. ती जागा वळण्यासाठी होती. बर्फगाडी तिथे वळली आणि गावाच्या दिशेने, मागचा रस्ता सारीत, निघून गेली.