आमचा बंधारा, त्यांची तार

"ओत ते परत," शेठ म्हणाला.

माझा हंडा भरला होता. मी उचलायला वाकले होते. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलतो. वर बघितलं. बंगल्याचा शेठ बंधाऱ्याच्या भिंतीवर उभा. हातात बिअरचा डबा. मागे त्याचे मुंबईचे पाहुणे पाण्यात पाय सोडून बसलेले.

"ऐकू येत नाही? ओत. एकीला भरू दिलं की उद्या सगळी वाडी येईल."

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "जाऊ दे ना, एक हंडा तर आहे."

शेठ हसला. "यांना सवय लागते."

मी हंडा आडवा केला. पाणी गेलं. कुणीतरी टाळी वाजवली, गंमत म्हणून. टाळीचं एवढं नाय लागलं. बंगल्याच्या हिरवळीवर माझा नवरा उभा होता. माळीकाम करायचा तिथे. हातात पाइप. त्याच ओढ्याचं पाणी गवतावर पडत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून गवताकडे बघत राहिला.

तो बंधारा आमी बांधलेला. सिद्धगडाच्या पायथ्याला आमची वाडी. पाऊस असा पडतो की माणसाचं बोलणं ऐकू येत नाय, आणि होळी झाली की ओढ्यात नुसते गोटे. बाया झऱ्याशी वाटी घेऊन बसायच्या. मग वाडीने ठरवलं. घरटी एक माणूस. भातकापणी उरकली की डोंगरउतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पाऊस धावत खाली जात नाय, जमिनीत मुरतो. खाली ओढ्याला दगडाची भिंत. दोन हिवाळे राबलो. माझी शेजारीण कमळवयनी, तिनेच दारोदार फिरून माणसं उठवली. माझ्या बोटावर दगड पडला. नख गेलं, ते अजून वाकडं उगवतं. पहिल्यांदा चैतात पाणी दिसलं तेव्हा म्हाताऱ्या काठावर येऊन नुसत्या बघत बसल्या.

शेठने एक दगड उचलला नाय. शेवटच्या दिवशी वडापाव पाठवले. मग दोन्ही काठांची जमीन घेतली. तार ओढली. ओढा बंगल्याचा झाला.

त्या दिवशी नवरा घरी आला तो बोलतच.

"तारेच्या आत गेलीसच कशाला? माझं काम जाईल."

"तुमी काय बोलला नाय."

"काय बोलू?"

तो जेवला. मी माझं ताट झाकून ठेवलं. शेठपेक्षा मला माझ्या हातांचा राग आला. कुणी धरले नव्हते. मारलं नव्हतं. एका शब्दावर वाकले. हे हात कुणी शिकवले असे? माझ्या आयने? तिला तिच्या आयने? डोकं फिरायची पाळी आली.

मी कमळवयनीकडे गेले. सगळं सांगितलं. ती चुलीतलं लाकूड पुढे सारत ऐकत होती.

"ओढा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो गो," ती म्हणाली. "तार त्याची. पाणी नाय."

सकाळी आमी सगळ्या बाया गेलो. तारेखालून. कुत्री भुंकली. वॉचमन आमचाच, वाडीतला. त्याने पाठ फिरवली. शेठ मुंबईत होता. आमी हंडे भरून आलो, हसत आलो. वाटलं, जिंकलो.

आठवडा नाय झाला, बोअरची गाडी आली. बंधाऱ्याला लागूनच उभी केली. पलीकडच्या पाड्यात अशीच बोअर मारली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या विहिरीचा तळ दिसला. तो पाडा आता टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतो.

आमी गाडीसमोर बसलो. दुपारी शेठ आला. चिडला नाय. त्याचीच भीती वाटली. सरळ माझ्यापुढे येऊन उकिडवा बसला.

"तू तर आपल्याच माणसाची बायको," गोड आवाजात म्हणाला. "तुझ्या दारात नळ देतो. एकटीच्या. ऊठ."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कमळवयनीसुद्धा. तारेपलीकडून नवरा बघत होता. दारात नळ. लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर पाणी वाहते मी. मान दुखते. सांगते खरं, क्षणभर नळ दिसला मला.

"नळ नको," मी म्हणाले. "गाडी वळव."

मी शेठला अरेतुरे केलं. तो उठला. गुडघे झटकले.

"बघू," म्हणाला.

गाडी वळली. नवऱ्याचं काम त्याच दिवशी गेलं. तो आता शहापूरला गोदामात असतो. फोन करतो, एकच सांगतो, "सोड ते." कमळवयनीचा पेंढा जळाला. कुणी बघितलं नाय म्हणतात. बंधाऱ्याचे वरचे दगड एका सकाळी खाली पडलेले दिसले. आमी परत रचले. मुरबाडच्या बाजारातून येताना एक मोटरसायकल मागे लागते. पुढे जात नाय, थांबत नाय. परवा वॉचमन हळूच सांगून गेला, "वयनी, बोअरची गाडी परत येतेय. या खेपेला बरोबर माणसं पण येणार आहेत."

येऊ देत.

आमच्यातल्या दोघी माहेरी निघून गेल्या. अजून जातील. कमळवयनी खोकते, तिचं काय खरं नाय. मी तिथे एकटीच बसलेली असेन कदाचित. मला ओढतील, उचलून बाजूला टाकतील. त्यांना जमेल ते. पण माझ्या पायांनी मी उठणार नाय.