नऊशे यार्डांवरचं रक्त

ओरिन ट्वाइट कुणालाच आवडत नव्हता, आणि त्यालाही कुणी आवडत नव्हतं. क्लीटस बॅगलीच्या शिकारतळावर मी नऊ हंगाम स्वयंपाक केला, पण एकाही सकाळी ह्या वाटाड्याने हसून कॉफी मागितली नाही. गिऱ्हाइकांना तो 'चांदमारीवाले' म्हणायचा, तेही तोंडावर.

पण वायोमिंगच्या त्या डोंगरात जखमी जनावर हुडकावं ते ओरिननेच. पाल्यावरचं रक्त बोटाने चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचा, फुप्फुसातलं की कोथळ्यातलं. त्याच्यासोबत गेलेल्याला तीनशे यार्डांच्या पुढून बार टाकायला बंदी. "तिथून मारायचं नसतं, तिथून जवळ जायचं असतं." तेवीस वर्षं हेच. बायको कधीच गेलेली, मूल नाही. तळ सोडला तर त्याला जायला जागा म्हणजे गावाबाहेरचा एक गळकं ट्रेलर-घर.

त्या ऑक्टोबरात ह्यूस्टनचा ट्रेंट वॉडेल आला. छपरं घालायचा ठेकेदार, घरी नऊशे यार्डांवरच्या लोखंडी पत्र्याला नेम लावून लावून फुगलेला. दुसऱ्याच सकाळी दरीपलीकडच्या उतारावर एल्क जातीच्या हरणाचा एक मोठा नर चरताना दिसला. वर चढायची वाट हेरायला ओरिन दुर्बीण घेऊन वळला, आणि त्याच्या पाठीमागे बार झाला.

दुपारी जेवणाच्या तंबूत वॉडेल फोनवरचं चित्रण सगळ्यांना दाखवत होता.

"बघा, मागे धूळ उडाली. चुकली गोळी. उद्या दुसरा नर बघू."

"धूळ उडाली, कारण गोळी आरपार गेली," ओरिन म्हणाला. "त्याची पाठ बघ. कमान झाली. चुकलेल्या गोळीने एल्क असा वाकत नाही."

"म्हाताऱ्या, डोळे तपासून घे."

"तू डोकं तपास. मधल्या दरीत वारं वेगळं होतं, ते तुझ्या अंतर मोजायच्या यंत्राने सांगितलं का? गोळी पोचायला सव्वा सेकंद. तेवढ्यात तो एक पाऊल पुढे सरला. छातीवर धरलीस, कोथळ्यात बसली. त्यात तुझी ती जाड कवचाची गोळी. जवळून आत फुलली असती, सगळं फाडून जनावर जागच्या जागी बसवलं असतं. नऊशेवर तिच्यात दम कुठला. दाभणासारखी घुसली नि निघाली."

तळाचा नियम जुना होता. रक्त सांडलं की ते जनावर तुझं. हाती लागो न लागो, तुझी शिकार संपली. वॉडेलचे अजून सहा दिवस बाकी होते. तो बॅगलीकडे वळला.

"पुढच्या वर्षी पाच दोस्त आणणार होतो मी. त्यांना काय सांगू?"

बॅगलीने दाढी खाजवली. "ओरिन, रक्त बघितलंस तू?"

"नाही. कोथळ्यात लागलेलं जनावर लगेच उठवलं तर डोंगर ओलांडून जातं. त्याला पडू द्यावं लागतं. आता जातो."

"जा. आणि नाही मिळालं तर तिकडूनच घरी जा. गिऱ्हाइकांशी तुझी ही भाषा मला पुरे झाली."

ओरिन एक खेचर घेऊन गेला. वॉडेल माझ्याकडून तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेत म्हणाला, "सुटलो एकदाचे." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला खेचर परत आलं, पाठीवर एल्कचं डोकं घेऊन. ओढ्याकाठी सापडला होता. अंग अजून कोमट, पण डोळे डोमकावळ्यांनी काढलेले, आतलं सगळं हिरवं होऊन मांस नासलेलं. ओरिनने कातड्याचे दोन तुकडे आणले होते. ते त्याने थेट माझ्या पिठाच्या फळीवर टाकले.

"हे शिरतानाचं भोक, हे निघतानाचं. दोन्हींत करंगळीच जाते. घालून बघ."

"गोळी कुठंय?" वॉडेल म्हणाला. "गोळी नाही, तर माझा कशावरून?"

"गोळी आरपार निघून गेली. आत फुलली असती तर तो रात्रभर कण्हत पडला असता का? त्या दरीत तुझ्याशिवाय कुणी बार टाकलेला नाही, चांदमारीवाल्या."

बॅगली पुढे आला. त्याने एका भोकात करंगळी घातली, मग दुसऱ्यात. विजारीला बोट पुसलं.

"वॉडेलसाहेब, परवान्याची चिठ्ठी बांधा ह्याच्या शिंगाला. तुमची शिकार झाली."

वॉडेलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बांधतो. पण हा माणूस उद्या इथं असेल, तर माझे दोस्त विसर."

बॅगली ओरिनकडे न बघता म्हणाला, "ऐकलंस ना?"

"जनावर मिळालंय, क्लीट."

"नाही मिळालं तर जा म्हणालो होतो. मिळालं तर राहा, असं कुठं म्हणालो?"

वॉडेल चिठ्ठी बांधत होता तोवर ओरिन शेजारी उभा राहिला, मग वाकून गाठ ओढून बघितली आणि आपली वळकटी आवरायला गेला.

तो निघाला तेव्हा मी त्याच्या हातात फडक्यात बांधलेले पाव दिले. त्याने एक दाबून बघितला.

"आतून कच्चे आहेत, नोरीन. नऊ वर्षं कच्चेच."

सगळे पिशवीत कोंबले आणि उतरणीला लागला.