धुक्यातली हद्द

राज्याची सीमा म्हणजे कायद्याची लक्ष्मणरेषा, असं ओळखीचे एक वकील मला फार गंभीरपणे सांगत असत. ही रेषा मी पाहिली आहे. नाशिकहून सापुताऱ्याला जाताना ती एका चहाच्या टपरीमागून जाते आणि तिच्यावर शेळ्या चरतात.

भाचीला चौथा महिना लागला होता. दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब वाढून तिला झटके आले होते, आणि तिसरं मूल जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आताही रक्तदाब चढायला लागला होता. गर्भपाताला कायद्याची पूर्ण परवानगी होती. पण तिच्या आधीच्या दोन्ही मुली होत्या. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि फाईल मिटली.

"चौथा महिना, वर दोन मुली. मुलीचाच गर्भ पाडला असंच सगळे म्हणणार. उद्या माझ्या सोनोग्राफी मशीनला सील लागेल."

"पण कायदा तर—" मी म्हणाले.

"कायदा तुमच्याच बाजूने आहे मॅडम. मशीन माझं आहे."

आणखी दोन ठिकाणी हेच झालं. शेवटी गुजरातेत, घाट उतरल्यावर लागणाऱ्या एका गावचे डॉक्टर तपासायला तयार झाले. कायदा केंद्राचा, म्हणजे तिकडेही तोच. भीती मात्र राज्यागणिक वेगळी असावी.

जावई गाडी चालवत होता, भाची मागे, मी तिच्या शेजारी. श्रावणातली सकाळ, पण हातगडच्या पुढे सकाळ संपूनच गेली. एवढं धुकं की गाडीचं बॉनेटही अंदाजाने धरायचं. आवाजसुद्धा येत नव्हते. टपरी दिसली ती तिच्यावर जवळजवळ आदळल्यावरच.

टपरीवालीने काही न विचारता तीन चहा ओतले आणि भाचीकडे पाहिलं.

"पोरीला म्होरं बसवा. घाटात मळमळंल. दवाखान्यातच चाललात ना?"

आमच्यापैकी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. कशावरून, असं मी विचारलं.

"नाशिकची गाडी, मागं बाई, आन कोनी फोटो काढंना. हितं लोकं फोटो काढाया येत्यात." तिने साखरेचा डबा बंद केला. "ह्या म्हयन्यात लय गाड्या गेल्या असल्या."

मी रस्त्याकडे पाहिलं. त्या सगळ्या गाड्या पुढे धुक्यातच कुठेतरी रांगेने उभ्या असाव्यात, काचा वर करून, असं मला उगाच वाटलं. तेवढ्यात माझ्या फोनवर गुजरातीत स्वागताचा मेसेज आला आणि पाठोपाठ नाशिकच्या पोलीस ठाण्यातून फोन.

भाचीच्या सासूबाईंनी तक्रार दिली होती. सुनेला नातू पाडायला पळवून नेलं. पळवणारी मी.

"नातू कशावरून?" मी विचारलं.

"त्या म्हणतात, त्यांना माहीत आहे. म्हणजे गर्भलिंग चाचणी झाली. कुठे केलीत?"

"कुठेच नाही. तीन दवाखान्यांनी हातसुद्धा लावला नाही."

"बरं, आत्ता नेमक्या कोणत्या राज्यात आहात?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे? बोर्ड असेल ना!"

"बोर्डच काय, रस्ताही दिसत नाही."

"मग पुढे जाऊ नका."

"साहेब, मागचंही दिसत नाही."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी विचारलेलं ऐकू आलं, "धुक्यात हद्द कोणाची?"

भाचीने माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, मी ती पळवून नेलेली सून. सीटबेल्ट लावून इथवर आलेय, गाडी नवऱ्याने चालवलीय. मला दोन मुली वाढवायच्यात. तुमची हद्द ठरली की कळवा." फोन ठेवून ती पुढे जाऊन बसली. घाटात मळमळलंच.

तिकडच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची फाईल वाचली, नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि तिला एकटीला तिचं म्हणणं विचारलं. गर्भपात नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा तिचा रक्तदाब उतरू लागला होता.

नाशिक पोलीस म्हणाले, घटना गुजरातेतली. गुजरातचे म्हणाले, तक्रार नाशिकची. जबाब झाले, चाचणीचा पुरावा कुठेच नव्हता, आणि तक्रार दोन राज्यांच्या मधे कुठेतरी विरली. सासूबाई विरल्या नाहीत. त्यांनी नातवासाठी झबलं शिवलं. अधूनमधून ते धुतात आणि दोरीवर मुलींच्या फ्रॉकशेजारी वाळत घालतात. मी गेले की काढून घेतात. एकदा वाटलं, हे यंदा नवं शिवलेलं, गेल्या वर्षीपेक्षा जरा मोठ्या मापाचं आहे. मी विचारलं नाही.

भाचीला पुन्हा दिवस जाऊन चालणार नव्हतं, म्हणून घाटातून परतल्यावर पुढच्याच महिन्यात जावयाने नसबंदी करून घेतली. नाशिकलाच, सरकारी दवाखान्यात. मी बाहेर घेतलेला चहा निवायच्या आत तो चालत बाहेर आला.