रक्तगटांच्या यादीसाठी स्थळ

कुणी काही निवडायला बसलं, मग ती नवरी असो, म्हैस असो नाहीतर मोबाइल, की मामा आधी चष्मा काढायचे, त्याची घडी करून खिशात ठेवायचे आणि विचारायचे, "शेजारी काय म्हणत्यात?"

बाकीची माणसं माहिती काढायला चष्मा लावतात. मामांचं म्हणणं असं, की खरी माहिती ऐकूनच मिळते आणि ऐकताना चष्मा कानाला टोचतो.

तुम्ही कुठल्याही कॉलेजात शिकला असाल तर असे एक मामा तुम्हीही पाहिले असतील. शिपाई असो की लॅब अटेंडंट, त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात असतं. आमचे मामा अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचे. कुलूप उघडायचं, पोरांना चपला बाहेर काढायला लावायचं, यूपीएसच्या बॅटऱ्यांत पाणी घालायचं. वीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटर पुसले, पण एकदाही एक बटण दाबलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी आपुन भांड्याकुंड्याला हात लावत न्हाई."

त्यांचं खरं काम वेगळंच होतं. ते स्थळं जुळवायचे, तेही फुकट. केजपासून पाटोद्यापर्यंत त्यांनी जुळवलेले संसार पसरलेले होते. लग्नात मानाचा टॉवेल आणि टोपी मिळायची. टोपी ते घालत नसत. लॅबच्या कपाटातले जुने कीबोर्ड त्या टोप्यांनी झाकून ठेवलेले असत, धूळ बसू नये म्हणून.

मी युसूफ वडगावजवळच्या एका लहान गावाचा. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात बोलण्याआधी मी वाक्य मनात तीनदा म्हणून पाहायचो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट म्हणून रक्तगटांची यादी केली. आमच्या गावची एक बाई बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात होती. तिच्या घरची माणसं रक्तासाठी गावभर फिरत होती, आणि त्याच गटाची दोन पोरं आमच्या होस्टेलमध्ये निवांत जेवत बसली होती. ते कळल्यावर मी पोरांची नावं, गाव, गट आणि फोन नंबर गोळा केले आणि एक वेबसाइट बनवली. गट निवडला की जवळची नावं दिसायची. ती मी इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर ठेवली होती. फुकटची जागा अशी असते, की बराच वेळ कुणी आलं नाही तर साइट झोपून जाते.

एका दुपारी दवाखान्यातून एक माणूस थेट लॅबमध्ये आला. हातात मोबाइल, पडद्यावर नुसतं गोल फिरणारं चाक. यादी उघडत नव्हती. मी घाबरून काहीतरी टाइप करत बसलो. मामांनी त्या माणसाचा हात धरला, वऱ्हांड्यात गेले आणि वर्गावर्गाच्या दारात उभं राहून मोठ्यानं रक्तगट विचारत सुटले. चौथ्या वर्गात एक पोरगा उठला. काम झालं. परत आल्यावर मामा मला एवढंच म्हणाले, "असल्या घरी यादी ठिवलीच कावून, जिथं दार वाजवलं तरी कुणी उठत न्हाई?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग ठरलं, की यादीसाठी व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर घ्यायचा. मामांना मी समजावून सांगितलं, की लांब कुठंतरी एका इमारतीत मोठे कॉम्प्युटर असतात, त्यातल्या एकाचे भाग पाडून वेगवेगळ्या लोकांना भाड्यानं देतात, आणि आपला भाग दिवसरात्र चालू राहतो.

"म्हंजी एका घरात चार बिऱ्हाडं," मामा म्हणाले आणि चष्मा काढला. "मंग शेजार बगावाच लागंल."

आमच्या विभागप्रमुख सरांनी सांगून ठेवलं होतं, की महिन्याला तीनशेच्या वर जायचं नाही आणि बाहेरचे परीक्षक यायच्या आत काम झालं पाहिजे. मी नऊ कंपन्यांचा तक्ता केला. कुणाची किती मेमरी, किती जागा, काय भाव. रंगीत प्रिंट काढून मामांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात धरून पंख्याच्या वाऱ्यावर हलवला.

"ह्यो तर बायोडाटा हाय. बायोडाट्यात कुणी सोताबद्दल वंगाळ लिवतंय का?"

मी म्हणालो, "मामा, हे बघा, ही कंपनी सगळं अनलिमिटेड देते."

"बागायत शेती, असं लिवत्यात ना, तसं हाय त्ये. बोर असती. पानी हाय का, त्ये जाऊन बगावं लागतं."

नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के वेळ सर्व्हर चालू राहील, असं सगळ्यांनीच लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवल्यावर मामा हसले. नवरदेव कधीतरी घेतो म्हणतात, तशातली ही गत आहे, म्हणाले. कधीतरी म्हणजे कधी, आणि घेतल्यावर काय करतो, हे विचारायचं. पहिल्या वर्षी भाव कमी आणि दुसऱ्या वर्षी तिप्पट, अशा चार कंपन्या निघाल्या. त्यांच्यावर मामांनी स्वतःच्या हातानं फुली मारली. तेवढ्यापुरता त्यांनी माझा पेन घेतला आणि लगेच परत दिला.

मग चौकशी सुरू झाली. मी इंटरनेटवर लोकांची मतं वाचायचो आणि मामांना मराठीत सांगायचो. तारीफ त्यांनी ऐकूनच घेतली नाही. म्हणाले, नांदून सोडून आलेल्याचं वाच, आणि तेही ताजं भांडण नको, राग निवल्यावर लिहिलेलं वाच. आता इंटरनेटवर राग निवलेला माणूस शोधणं किती अवघड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मला तीन सापडले. त्यांतल्या एकानं लिहिलं होतं, की त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या कुणाचं काम वाढलं की याची साइट गुदमरायची.

"बग," मामा म्हणाले, "शेजार."

पुढची पायरी म्हणजे न सांगता घरी जाणं. मामांची पद्धत अशी होती, की मुलाचं घर ठरवून बघायला गेलं तर पोहे मिळतात आणि चादरी धुतलेल्या असतात. म्हणून ते दुपारी आडवेळेला जाऊन पाणी मागायचे. कंपन्यांकडे पाणी कसं मागणार? मी म्हणालो, त्यांच्या मदतकक्षाला पत्र लिहिता येतं. मामांनी रविवारची जेवणाची वेळ धरली.

मी इंग्रजीत पत्र लिहिलं. सुरुवात केली, 'आमची संस्था ग्रामीण भागात कार्यरत आहे.' मामांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"संस्था कोन?"

"मीच."

"मंग तसं लिव. आपलं घर जसं हाय तसं आदी सांगावं. मागून कळलं की दोगांचंबी वाटोळं हुतं."

ते पत्र लिहायला मला एक तास लागला. मी विद्यार्थी आहे. याआधी कधी सर्व्हर घेतलेला नाही. आमच्या घरात हे कुणालाच कळत नाही, म्हणून विचारायला कुणी नाही. माझ्या हातून काही मोडलं तर तुम्ही काय कराल? एवढंच.

एकीचं उत्तर एका सेकंदात आलं. 'आमच्या मौल्यवान ग्राहका' अशी सुरुवात आणि खाली आभारच आभार. मामा म्हणाले, "लईच गोड हाय. दारातच पाया पडनाऱ्यापासून सावध ऱ्हावं." दोघींनी एकेक लांबलचक लेख वाचायला पाठवला. एक बोललीच नाही. आणि एका लहानशा कंपनीतून दीड तासानं एका माणसाचं उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं, की यादीत नावं किती, रोज माणसं किती येतात, आणि शेवटी लिहिलं होतं, की तुम्ही विचारलेल्यापेक्षा लहान प्लॅन पुरेल.

मामांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "कमी घ्या म्हंतोय?" त्यांच्या आयुष्यात असं स्थळ पहिल्यांदाच आलं असावं.

पण त्या कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि भाव महिना दोनशे ऐंशी होता. सरांनी तक्ता बघितला आणि मोठ्या नावाच्या एका कंपनीवर बोट ठेवलं. तीन वर्षांचं एकदम भरलं तर महिना एकशे वीस पडत होता. पोरांची वर्गणी आणि विभागाचे थोडे मिळून तेवढे निघाले असते. मी मनात वाक्य जुळवत होतो, तोवर सर म्हणाले, "ठरलं मग," आणि मी मान हलवली.

मला वाटलं, विषय संपला. मामांना तसं वाटत नव्हतं. म्हणाले, ज्यांनी उत्तर दिलं त्यांना नकार कळवायचा राहिला. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, बघून आलेल्या मुलीच्या बापाला होय-नाही न कळवणारी माणसं त्यांच्या वहीत कायमची बाद असत. मी सांगून पाहिलं, की कंपन्या ताटकळत नाहीत, त्यांना आपण आठवतही नसू.

"त्यायचं त्येंनी बगावं. आपली रीत आपुन सोडायची न्हाई."

मी नकार लिहिले. कॉलेजच्या इतिहासात सर्व्हर कंपन्यांना 'आपला योग नाही, राग नसावा' अशा अर्थाचं पत्र इंग्रजीत लिहिणारा मीच असेन. गोड कंपनीकडून लगेच चाळीस टक्के सवलत आली. मामा म्हणाले, "आदी बुलेट पायजे म्हनायचं, नकार आला की सायकल बी चालंल."

लहान कंपनीतल्या माणसानं मात्र आभार मानले. आजवर कुणी नकार कळवला नाही, म्हणाला. आणि पुढे लिहिलं, की घेताय तिथं दोन गोष्टी विचारून घ्या. यादीची रोजची नक्कल ठेवतात का, आणि मधेच सोडायचं झालं तर पैसे आणि यादी परत देतात का.

आम्ही विचारलं. नक्कल ठेवत नव्हते. त्याचे पैसे वेगळे, आणि ते धरले तर भाव तीनशेच्या वर जात होता. मधे सोडलं तर परत काही नाही.

आता हे सरांना सांगायचं होतं. मी मामांना म्हणालो, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. मामांनी नकारार्थी मान हलवली. "म्या बैठकीत बसतो. बोलायचं ज्येच्या घरचं कार्य त्येनं."

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. माझ्या मागून मामा फडकं घेऊन आले आणि कपाटाचा एकच कप्पा पुसायला लागले. मी सांगितलं. वाक्य मनात एकदाही म्हणून पाहिलं नाही, त्यामुळे ते मधेच तुटलं, पण पूर्ण झालं. त्या दुपारचा माणूस, ते फिरणारं चाक, यादी हरवली तर पुन्हा तसंच होईल, हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तीन वर्षं झाली, तुझा आवाज आज ऐकतोय. घे तुझी ती छोटी कंपनी. महिन्या-महिन्यानं भर." आणि मामांना म्हणाले, "मामा, तो कप्पा आता आरपार दिसायला लागलाय."

यादी नव्या सर्व्हरवर गेली. मामा तरी मला सुटू देईनात. म्हणाले, मोडून बघ. मी चक्रावलो. त्यांचं म्हणणं, परत आणता येतं असं नुसतं तोंडानं सांगतात, खरंच येतं का ते आत्ताच बघ. मी चालू यादी माझ्या हातानं पुसली. मग कंपनीतल्या त्या माणसानं लिहून दिलेल्या पायऱ्यांनी नक्कल परत बसवली. बारा-पंधरा मिनिटांत सगळी नावं आली.

मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते. मग म्हणाले, "माज्या भाचीचं म्याच जुळवलं व्हतं. बायोडाटा बगून. पोरगं नोकरीला, घर पक्कं. घाई व्हती, शेजारी इचारायचं ऱ्हायलं. दोन वर्सांनी ती परत यायची म्हनली तर बापानंच दार लावलं."

"मग?"

"मंग म्या आनली. आता मोंढ्याच्या बाजारापाशी ब्लाउज शिवती. लई भारी शिवती."

आणि ते समोरचा स्वच्छ पडदा पुन्हा पुसायला लागले.

परीक्षक आले, यादी उघडली, मला मार्क मिळाले. त्यानंतर दवाखान्यातून कुणी लॅबपर्यंत चालत आलं नाही. यादी तिकडेच उघडत होती.

मामांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता, तेव्हा मी त्यांना वहीत काहीतरी उतरवताना पाहिलं. शेजारच्या पोराला त्यांनी यादी उघडायला लावली होती आणि एकेक नाव लिहून घेत होते. वय, गाव, फोन. मी जवळ गेल्यावर खूश होऊन म्हणाले, "लेकरा, कसलं खानदानी सामान जमवलंस तू. रक्त देनारं पोरगं निर्व्यसनीच असनार की. अकरा स्थळं काढली म्या."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. त्या पोरांनी नंबर मला दिले होते, ते रक्तासाठी. मी म्हणालो, "मामा, हे नाही चालणार. त्यांनी मला विश्वासानं दिलंय." हे मी मामांना म्हणत होतो, ज्यांना मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

मामांनी वहीकडे पाहिलं. पान टर्रकन फाडलं, त्याचे चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "बराबर हाय तुजं," म्हणाले. मात्र त्यांतला एक पोरगा फारच चांगला वाटत होता, असं दिवसभर सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझं नाव घाल यादीत. मी सांगितलं, की साठी आली की पहिल्यांदा देणाऱ्याचं रक्त घेत नाहीत.

"रक्त कोन देतंय? लांबून आलेल्याला रक्तपेढी कुटं, फॉर्म कुनाकडं, कायबी ठाव नसतंय. त्येला फोन करायला कुनीतरी पायजे."

मामा आता पाटोद्याकडं गावी राहतात. भेट होत नाही. फोन लावला तर बहुतेक वेळा लागत नाही, कारण ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतात. यादी उघडलीत तर अगदी खाली त्यांची ओळ दिसेल. नाव, मामा. गाव, पाटोदा तालुका. फोन नंबर. रक्तगटाचा रकाना रिकामा. असा रकाना रिकामा असला की माझा प्रोग्राम ती ओळ चूक धरून पुसून टाकतो, म्हणून त्या एका ओळीपुरता मी तो बदलून घेतला आहे.