हॉलमध्ये पडलेला माबुई

झेनाईद बाप्तिस्ताशी वाद घालू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शनिवारच्या बाजारात तिच्या टपरीवर सोबा खायला बसलात, की शेवयांचं वाफाळतं वाडगं समोर येतं, वर आल्याचा कीस आणि अंड्याच्या पट्ट्या. तुम्ही 'आलं जरा कमी' म्हणालात, तर ती नुसती बघते. मग तुम्ही मुकाट्याने खाता. हा ताठा हिने आणला कुठून, असं बाहेरगावचे लोक विचारतात. ताठा आजीकडून आला, पण त्याला धार लागली ती आमच्या ओकिनावा संघाच्या हॉलमध्ये.

आम्ही ओकिनावाचे. म्हणजे आमचे आजे-पणजे जपानच्या दक्षिणेकडच्या त्या बेटांवरून बोटीने ब्राझीलला आले, कॉफीच्या मळ्यांत राबले, मग रेल्वेचे रूळ टाकत टाकत या फाट्यावर पोचले आणि इथेच रुजले. झेनाईदची आजी ऊतो झुकेरान त्यांतलीच. तिची एकुलती एक लेक तोमिए हिने रेल्वेतल्या ओस्मार बाप्तिस्ताशी लग्न केलं. ओस्मार ब्राझीलच्याच बाहिया प्रांतातला, काळाभोर, गाडीचे ब्रेक सांभाळणारा. गावात गहजब झाला. ऊतोनेही लेकीशी बोलणं टाकलं, आणि ते टाकलेलं बोलणं परत उचलायच्या आत तोमिए तापाने गेली. झेनाईद तेव्हा रांगत होती. दफन उरकून परतताना ऊतोने घरून आपलं सोब्याचं पातेलं उचललं आणि ती थेट जावयाच्या घरात राहायला गेली. लोक बोलायला आले, तेव्हा म्हणाली, "पोर रडतंय आणि मी बापाचा रंग बघत बसू होय?" त्यानंतर कुणी आलं नाही.

तर झेनाईद अशी वाढली, बापाच्या घरात आणि आजीच्या पदराखाली. आजीला ती बेटांवरच्या रीतीने हामे म्हणायची. हामेला पोर्तुगीज येत असे ते भाव करण्यापुरतं. बाकी सगळं, रागावणं, निजवणं, शिव्या, तिच्या स्वतःच्या भाषेत. झेनाईदही तीच बोलायची. शाळेतली मुलं तिला 'जपानीण' म्हणत आणि संघातली मुलं 'अर्धी' म्हणत. पहिल्याला ती हसायची. दुसऱ्यावरून तिने एकदा एका पोराचा दात पाडला होता.

आता शिष्यवृत्तीचं. दर वर्षी आमच्यातला एक मुलगा किंवा मुलगी ओकिनावाला विद्यापीठात वर्षभर शिकायला जाते. राहण्याखाण्याचं तिकडचे बघतात, विमानाचं तिकीट संघ काढतो. तिकिटासाठी हॉलमध्ये सोब्याच्या पंगती उठतात, बिंगो होतो, खेळांचा दिवस होतो. शेवया ओढायच्या ऊतोने आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी, आणि व्यासपीठावरून नाव वाचायचं अध्यक्षांनी, अशी आमची कामाची वाटणी.

झेनाईदला जायचं होतं. हामेच्या गावातली विहीर, समुद्राकडे उतरणारी पायवाट, कौलांवर बसवलेला मातीचा सिंह, सगळं तिला न बघता पाठ होतं. आता ते बघायचं होतं. आणि ते बघायचा हक्क आपल्याला इतर कुणाइतकाच आहे, असं तिला मनापासून वाटत होतं. तिने अर्ज भरला. टपरीवर शेवया उकळता उकळता हामेपुढे आपल्या ओळखीचं भाषण घोकून घोकून पाठ केलं. जपानी बोलता येणं ही पहिली अट होती, आणि तिची तिला मुळीच धास्ती नव्हती. बाकीच्या पोरांना बाराखडी जमत नव्हती, ही तर जपानीत भांडायची.

मुलाखत हॉलमध्ये झाली. लांब टेबलामागे समितीची माणसं, मधोमध अध्यक्ष सेइतोकू माएहारा. हे गावातल्या मोठ्या दुकानाचे मालक, संघाच्या जपानी शाळेचेही प्रमुख, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजूनमापून. त्यांनी जपानीत सांगितलं, स्वतःची ओळख करून द्या. झेनाईदने वाकून नमस्कार केला, "हाइताई" म्हणून सुरुवात केली आणि न अडखळता शेवटपर्यंत बोलली. शेवटी आभार मानले, "निफे देबिरू."

मग टेबलाच्या कडेला कुणीतरी फिसकन हसलं, आणि तो हशा एका खुर्चीवरून दुसरीवर गेला.

"हे जपानी नाही, मुली," माएहारा पोर्तुगीजमध्ये म्हणाले. "ही खेड्यातली बोली आहे. मासे विकणाऱ्या बायकांची. तिकडे विद्यापीठात असं बोललीस, तर ते म्हणतील, ब्राझीलने आमच्याकडे कोळीण पाठवली." मग अर्ज उचलून म्हणाले, "आणि हे बाप्तिस्ता. यादीत बरं दिसत नाही ते. पुढच्या वर्षी नीट जपानी शिक, आईचं झुकेरान नाव लाव आणि ये. मग बघू." ते वाईट बोलत नव्हते, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. दुकानातला माल गिऱ्हाइकाला नापसंत पडू नये, तेवढीच काळजी.

एरवी कुणी असं बोललं असतं तर झेनाईदने टेबल उलटं केलं असतं. पण आपण आयुष्यभर जे जपानी म्हणून बोललो ते जपानीच नाही, हे ऐकून तिच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

घरी येऊन तिने हामेला विचारलं, "आपण बोलतो ते जपानी नव्हे?"

ऊतो पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "मला काय ठाऊक? तुम्ही सगळे त्याला जपानी म्हणायचात. मला वाटलं, आमच्या बोलीला पोर्तुगीजमध्ये जपानी म्हणत असतील."

ओस्मारला एवढं हसू आलं की तो भिंतीला टेकला. झेनाईद हसली नाही. ती त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाजारात तिने रश्शात दोनदा मीठ घातलं, अंडी करपवली आणि गिऱ्हाईक ओरडलं तर उलट उत्तरही दिलं नाही. हे शेवटचं बघून मात्र ऊतोने झारा खाली ठेवला.

"पोरीचा माबुई पडलाय," ती जावयाला म्हणाली.

माबुई म्हणजे माणसातला जीव, पण नुसता प्राण नव्हे. माणूस दचकला, पडला, चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला, की माबुई अंगातून निसटतो आणि जिथे पडला तिथेच बसून राहतो. मग माणूस जेवतो-झोपतो, पण तो तो नसतो. माबुई आणायचा तर त्याच जागी जावं लागतं, दुसरीकडून हाका मारून तो येत नाही.

"कुठे पडला?" ऊतोने विचारलं.

"हॉलमध्ये," झेनाईद म्हणाली. "टेबलासमोर. पण हामे, तिकडे जायचं नाही."

"मग काय त्याला तिथेच ठेवायचं, माएहाराच्या ताब्यात?"

त्या रविवारी हॉलमध्ये वडीलधाऱ्यांच्या सन्मानाची पंगत होती. ऊतोलाही आमंत्रण होतंच, म्हाताऱ्या माणसांत ती सगळ्यांत म्हातारी. एरवी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी ती पुढच्या दाराने आली, हातात भाताची वाटी, झेनाईदचा मुलाखतीतला पांढरा ब्लाउज आणि फाट्यावरून वेचलेले तीन खडे. मागून झेनाईद, मान खाली घालून. ओस्मार नेहमीप्रमाणे फाटकाशीच थांबला. संघाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे त्याने लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं.

व्यासपीठावर माएहारांचं भाषण रंगात आलं होतं. पूर्वजांचा वारसा जपला पाहिजे, आपली संस्कृती हीच आपली ओळख, वगैरे. ऊतो सगळ्या टेबलांमधून वाट काढत सरळ पुढे गेली, मुलाखतीच्या वेळी झेनाईद उभी होती तिथे बसली, भाताची वाटी जमिनीवर ठेवली आणि खडे मांडले.

"ऊतोबाई, आत्ता नको," माएहारा मायक्रोफोनमधूनच म्हणाले. "आणि हे असलं जुनाट काही इथे नको."

ऊतोने वर पाहिलं. ती आणि माएहारा एकाच बोटीने आले होते. ती तरणीताठी बाई होती आणि हा दहा वर्षांच्या आतलं पोर. ती हळू बोलली, पण मायक्रोफोन तिच्या डोक्यावरच होता.

"सेइतोकू, बोटीवर वादळ झालं तेव्हा तुझा माबुई पडला होता. दातखीळ बसली होती तुझी. तुझ्या आईने माझे पाय धरले, आणि मी त्या डुगडुगत्या डेकवर बसून तो परत आणला. कुठल्या भाषेत बोलावला होता रे? जपानीत? जपानी त्याला कळत होतं का?"

माएहारांचा हात शर्टाच्या कॉलरशी गेला. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना तो हात समजला. बेटांवरच्या शाळेत आपली बोली तोंडातून निसटली, की गुरुजी पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, आणि दुसरं कुणी चुकेपर्यंत ती गळ्यात वागवावी लागे. पाटी कधीच गेली. दोरी काही लोकांच्या मानेला अजून टोचते.

ऊतोने ब्लाउज जमिनीवरून तीनदा फिरवला आणि हाक घातली, "माबुया, माबुया, ऊती कूयो." माबुई बाळा, माझ्या मागोमाग ये.

झेनाईदला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. किकुएबाई, जी तिथली मुख्य होती आणि संघाच्या सभेत कधी तोंड उघडायची नाही, हातात डाव घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऊती कूयो." तिच्या मागून दुसरी म्हणाली, मग तिसरी. मग टेबलांवरचे म्हातारे, ज्यांनी आपल्या नातवंडांना हे शब्द मुद्दाम शिकवले नव्हते, ते म्हणू लागले. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. वादळातल्या त्या बोटीवरचे उरलेसुरले सगळे जण त्या हॉलमध्ये होते.

ऊतोने ब्लाउज झेनाईदच्या खांद्यांवर टाकला आणि पाठीवर थाप मारली. आता माबुई परत आला की नाही, हे मला विचारू नका. एवढं खरं, की झेनाईदने मान वर केली.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी परत येते. जपानी शिकून येते. पण हे विसरून येणार नाही. आणि नाव बाप्तिस्ताच लिहीन. जमलं तर घ्या, नाहीतर शेवया तुम्हीच ओढा."

स्वयंपाकघराच्या दारातून किकुएने डाव उंच केला. त्या वर्षी शिष्यवृत्तीवर दुसराच कुणी गेला. त्याच्या तिकिटासाठीच्या पंगतीला झेनाईदने शेवया ओढल्या, कारण पोराचा काही दोष नव्हता.

वर्षभर ती संघाच्या शाळेत पहिल्या बाकावर बसली. माएहाराच शिकवायचे. दोघं एकमेकांशी धड्याबाहेर अक्षर बोलली नाहीत. ती चुकली की ते तांबड्या शाईने खोडत, आणि ती तेच वाक्य पुन्हा लिहून आणी. शाळा सुटली की ती बाजारात जाऊन हामेच्या बोलीत कोबी-गाजरांचा भाव करायची, तोही मुद्दाम मोठ्याने.

पुन्हा मुलाखत, तेच टेबल, तीच जागा. माएहारांनी सांगितलं, ओळख करून द्या. झेनाईदने वाकून "हाइताई" म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. तिने आधी सगळं हामेच्या भाषेत सांगितलं, मग तेच सगळं जपानीत. समितीतल्या एकाने कागद चाळत अध्यक्षांकडे पाहिलं. माएहारांनी तोंड उघडलं तेव्हा शब्द अडखळत आले, गंज चढलेल्या बिजागरीसारखे, कारण पन्नासहून जास्त वर्षांत त्यांनी ते उच्चारले नव्हते. त्यांच्या बेटावर नव्या माणसाला विचारतात, तेवढाच प्रश्न त्यांनी त्या बोलीत विचारला.

"तू कुणाची गं?"

"ऊतो झुकेरानची नात," झेनाईद त्याच बोलीत म्हणाली. "आणि ओस्मार बाप्तिस्ताची लेक. तो बाहेर फाटकाशी उभा आहे. वीस वर्षं झाली, उभाच आहे."

माएहारांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची मागे सारली, हॉलची लांबी ओलांडली, पायऱ्या उतरले, आणि भर उन्हात, डोक्यावर टोपी नसताना, ओस्मारला आत बोलवायला फाटकापर्यंत गेले.