आवाज वाढवायचं बटण

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये बत्तीस वर्षं मी कंट्रोल रूममध्ये बसलो. समोर भिंतभर बटणं, दिवे आणि काटे. नवीन ट्रेनी आले की पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावायचो, आधी पाटी वाचायची, मग हात लावायचा. हे मी इतक्या रुबाबात सांगायचो की माझ्या पाठीमागे बाकीचे ऑपरेटर माझी नक्कल करत. बटणांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं, हे मला साफ नामंजूर होतं. म्हणून रिटायर झाल्यावर हायब्रिड गाडी घेतली, तेव्हा तिच्यासोबत आलेलं जाडजूड पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही.

पहिल्याच सकाळी स्टार्टचं बटण दाबलं, तर काही आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. तिसऱ्यांदा दाबत होतो, तेवढ्यात सोसायटीचा चौकीदार खिडकीशी वाकून म्हणाला, "साब, चालू थी। आपने बंद कर दी।" ही गाडी हळू असताना बॅटरीवर चालते, मुकाट, आणि गरज पडली की पेट्रोलचं इंजिन आपणहून चालू करते. मला ते पटायलाच तयार नव्हतं. प्लांटमध्ये एखाद्या मशीनचा आवाज थांबला की आम्ही धावत सुटायचो. शांतता म्हणजे बिघाड, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

आता बायकोचं सांगतो. ती गोंदियाकडची. माहेरी भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या भोंडल्याची, गाणी म्हणण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं म्हणे. म्हणे, कारण लग्नानंतर भिलाईत ती म्हणायला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या ओळखीने तिला रेडिओच्या महिलांच्या कार्यक्रमात बोलावलं. तीन गाणी आणि मधे मधे हिंदीत थोडी माहिती. माहिती तिने वहीत लिहून पाठ केली होती. रेकॉर्डिंग झालं आणि कळलं की कार्यक्रम एकदाच लागेल, गुरुवारी दुपारी तीनला.

घरातला रेडिओ मी दुरुस्तीसाठी खोलला होता आणि तेव्हापासून तो बिस्किटांच्या डब्यात सुटा पडून होता.

"मी बोरसीले जातो छोटीकडे," ती म्हणाली. छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण, बोरसी वस्तीत राहणारी. "तिच्याकडं रेडिओ हाय."

"कायले?" मी म्हणालो. "गाडीत सहा स्पीकर हायत. स्टुडिओत बसल्यासारखं ऐकशील."

तिने माझ्याकडे जरा पाहिलं. मग हो म्हणाली. ते पाहणं मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं.

आमच्या जुनवानीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये रेडिओ धरत नाही, म्हणून मी गाडी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये नेली आणि आमच्या जुन्या क्वार्टरसमोर झाडाखाली उभी केली. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेसलेली जांभळी साडीच ती पुन्हा नेसून आली होती. "रेडिओवर दिसत नाई ते," मी चिडवलं. ती हसली. तीनला दहा कमी होते.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. एका गाडीचं चित्र आलं. बॅटरीकडून चाकांकडे बाण चालले होते. दुसरीकडे बोट ठेवलं, नकाशा आला. मग फोनमधली गाणी आली. मग 'यूएसबी नाही' अशी तक्रार आली. जुन्या गाडीत एक गोल बटण होतं. डोळे मिटून फिरवलं तरी रेडिओ लागायचा. इथे हात फिरवायला काचेशिवाय काही नव्हतं. मी 'सोर्स' असं काहीतरी दाबलं आणि नेमकं त्याच क्षणी इंजिन गुरगुरायला लागलं. मी हात झटकन मागे घेतला. रेडिओचं बटण दाबून आपण इंजिन चालू केलं, असं मला खरोखर वाटलं. एसीमुळे बॅटरी उतरली होती, एवढंच.

"तुमाले येत नसन तं पुस्तक पाहा ना," ती म्हणाली.

"मी काय ट्रेनी आहो का?"

तीन वाजून गेले. एक स्टेशन लागलं, त्यावर क्रिकेट. दुसऱ्यावर नुसती खरखर. तीन वाजून सात मिनिटं झाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती. मी घामाघूम झालो होतो, एसी चालू असून. बोलत मात्र होतो, "होऊन राहिलं, होऊन राहिलं."

इतक्यात माझा फोन वाजला. तो गाडीला जोडलेला, म्हणजे सहाही स्पीकरमधून वाजला. छोटी होती.

"भाऊजी, ऐकून राहिले ना? ताई काय गाऊन राहिली!"

आणि छोटीच्या मागे, तिच्या घरातल्या जुन्या रेडिओवर, माझी बायको गात होती.

"बोलू नको, छोटे!" ही ओरडली. "फोन रेडिओजवळ धर!"

छोटीने धरला. गाडी त्या आवाजाने भरून गेली. कोवळा, स्वच्छ आवाज. हा माझ्या बायकोचा आहे हे मला सांगावं लागलं असतं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, अजून जरा मोठ्याने ऐकू दे हिला. स्टिअरिंगवरचं बटण मी दाबलं. आवाज वाढवायचं बटण त्याच्या शेजारी होतं. मी दाबलं ते फोन बंद करायचं.

लगेच परत लावला. एंगेज. छोटी आम्हाला लावत होती, आम्ही तिला. लागला तेव्हा रेडिओवरची बाई हिंदीत आभार मानून आवळ्याच्या मुरंब्याकडे वळली होती.

बायकोने पदराने डोळे पुसले. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला माझीच लाज वाटत होती. "चला घरी," ती म्हणाली.

मी निघालो. गाडी बॅटरीवर होती, आवाज काही नाही. सेक्टरचा रस्ता संपत आला तेव्हा मला काहीतरी ऐकू आलं. माझं बोट आधी स्क्रीनकडेच गेलं. मग कळलं, ती गुणगुणत होती. अर्धवट तुटलेलं गाणं, जिथे तुटलं होतं तिथूनच. खिडकीबाहेर बघत, स्वतःशी. जुन्या गाडीतही ती अशीच गुणगुणत असणार. इंजिनाच्या घरघरीत आणि माझ्या बडबडीत मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

जोरात गेलो तर इंजिन चालू होईल, एवढं एव्हाना मला कळलं होतं. मी वेग कमी केला. वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही आणि कुठल्याच बटणाला हात लावला नाही. मागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते. एक मोटरसायकलवाला शेजारून जाताना ओरडला, "चाचा, गाडी खराब है क्या?"

मी मान हलवली. हो, खराब आहे म्हटलं. जुनवानीपर्यंत तशीच नेली.