कानावरच्या दोन खाचा
धुतलेला स्वेटर वाळत घातला, की ओल्या लोकरीच्या वासाने मला बेल्ह्याचा आठवडे बाजार आठवतो. तिथल्या शाळेत मी गणित शिकवीत असे. एकदा बाजारात एका मेंढपाळ बाईने, पंधरवड्यापूर्वी हरवलेली आपली मेंढी एका व्यापाऱ्याच्या टेम्पोपाशी ओळखली. “मावशे, तुझी पांढरी व्हती ना? ही तर लाल हाय,” व्यापारी हसला आणि माझ्याकडे वळला, “गुरुजी, तुमीच सांगा राव.” रंग जुळत नाही, म्हणून मेंढी बाईची नव्हे, असा निकाल मी दिला. बादलीभर पाणी आणून तिने मेंढीचे डोके चोळून धुतले. गेरू ओघळला. कानावर चिकटलेली लोकर तिने कातरीने काढली, तेव्हा उजव्या कानाच्या कडेला दोन खाचा दिसल्या. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या साऱ्या मेंढ्यांना तशाच खाचा होत्या. “रंग कुणीबी लावतंय, गुरुजी. निघंल ते काढायचं, मंग वळखायचं. शाळंत न्हाई व्हय शिकवत?” लोक हसले, व्यापाऱ्याने दोर सोडला. शिकवत होतो. दुसऱ्याच दिवशी अपूर्णांकांच्या अतिसंक्षिप्त रूपाचा पाठ होता. सोळा चोविसांश आणि दोन तृतीयांश एका मुलीने निरनिराळे ठरवले. एरवी मी तिला तासभर उभे केले असते. त्या दिवशी एवढेच म्हणालो, “निघेल ते काढ, मग ओळख.” वाक्य कोणाचे, हे वर्गाला सांगितले नाही. माझे चुकले, असे बाजारात त्या बाईलाही म्हणालो नव्हतो. ते आज लिहितो आहे.